उचल आणि हजेरी: अमेरिकेच्या फेडरल तुरुंगातल्या दोन सवलती

"अगं, दर महिन्याला १५ दिवस सुटतात आणि वर्षाचे ५४ वेगळे. म्हणजे निम्म्याहून जास्त शिक्षा गेलीच की!" न्यू जर्सीतल्या एका काकू फोनवर मला सांगत होत्या. मुलाला ६० महिन्यांची शिक्षा झालेली, आर्थिक गुन्हा, आधीची कुठलीच केस नाही. सुनेने कॅलेंडरवर एका तारखेला लाल गोल करून ठेवला होता. नातवाला ती तारीख सांगूनही झाली होती, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्याचं.

दोन्ही आकडे खरे, पण खाती वेगळी. ५४ दिवस 'गुड कंडक्ट टाइम'चे, कैदी ज्याला नुसतं 'गुड टाइम' म्हणतात. १५ दिवस २०१८ च्या फर्स्ट स्टेप अ‍ॅक्टच्या 'अर्न्ड टाइम क्रेडिट्स'चे. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिली उचल आहे, दुसरी हजेरी.

पॅरोलचा प्रश्न आधी निकालात काढते, कारण आपल्याकडचं प्रत्येक कुटुंब तो विचारतंच. महाराष्ट्रात पॅरोल किंवा फर्लो म्हणजे ठरावीक दिवस घरी येऊन परत तुरुंगात हजर होणं. अमेरिकेत पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर काढण्यासाठी सुटका. आणि १ नोव्हेंबर १९८७ पासून पुढच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या, गुन्ह्यांना तो मिळतच नाही. त्यामुळे या दोन खात्यांना इतकं मोल आलं.

गुड टाइमसाठी कैद्याला कुठला अर्ज करावा लागत नाही. शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त हवी आणि जन्मठेप नको, एवढीच अट. न्यायाधीशांनी सुनावलेल्या शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे ५४ दिवसांपर्यंत सूट मिळते. फेडरल ब्युरो ऑफ प्रिझन्स, म्हणजे बीओपी, सुटकेची अंदाजे तारीख काढतानाच हे दिवस वजा धरते. म्हणून मी उचल म्हणते: रक्कम आधीच हिशेबात आलेली असते, पण वागणूक बिघडली की परत कापून घेतात. सुटकेचा दिवस उजाडेपर्यंत ती पक्की होत नाही. अटकेनंतर खटला संपेपर्यंत आत काढलेले दिवस शिक्षेत मोजले गेले असतील, तर गुड टाइम त्यांच्यावरही मिळतो, कारण तो मोजतात सुनावलेल्या शिक्षेवर.

'एक वर्षापेक्षा जास्त' या अटीमुळे एक गंमत होते. बरेच वकील न्यायाधीशांकडे बारा महिन्यांऐवजी बारा महिने आणि एक दिवस मागतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा वकील आपल्या बाजूचा की सरकारच्या? पण बारा महिन्यांवर गुड टाइम शून्य. एक दिवस जास्त मागितला की प्रत्यक्षात साधारण ३१२ दिवसांतच सुटका.

जुन्या कैद्यांच्या तोंडी ४७ हा आकडाही ऐकू येतो, तो चुकीचा नव्हता. पूर्वी बीओपी प्रत्यक्ष भोगलेल्या दिवसांवर सूट मोजायची, त्यामुळे वर्षाला ४७ च्या आसपासच दिवस हाती पडायचे. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते गणित मान्य केलं. २१ डिसेंबर २०१८ ला फर्स्ट स्टेप अ‍ॅक्टवर सही झाली तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ते बदललं. नवा हिशेब १९ जुलै २०१९ ला लागू झाला आणि ३,१०० हून जास्त लोकांची सुटका झाली. गुड टाइम त्याच कायद्याने वाढवला आणि हजेरीची क्रेडिट्सही त्याच कायद्याने आणली, त्यामुळे लोक दोन्हींना 'फर्स्ट स्टेपचे दिवस' म्हणतात. घोळाचं मूळ तिथेच आहे.

आता हजेरी. इथे आपोआप काहीच होत नाही. कैद्याची 'पॅटर्न' नावाच्या पद्धतीने जोखीम मोजतात: मिनिमम, लो, मीडियम, हाय. त्याच्या गरजा पाहून कार्यक्रम ठरतात. त्यात भाग घेतला की प्रत्येक ३० दिवसांमागे १० दिवस जमा होतात. मिनिमम किंवा लो जोखीम लागोपाठ दोन मूल्यमापनांत टिकली, तर पुढे १५. पहिल्या दिवसापासून १५ नाहीत, आणि काकूंचं गणित इथेच पहिल्यांदा घसरलं होतं. खटल्याआधी आत काढलेले दिवसही या खात्यात धरत नाहीत.

दुसरी घसरण जास्त मोठी. साठलेल्या क्रेडिट्सपैकी जास्तीत जास्त १२ महिनेच सुटका अलीकडे ओढतात. त्यासाठी शिक्षेला जोडून 'सुपरवाइज्ड रिलीज'चा, म्हणजे देखरेखीखालच्या सुटकेचा काळ सुनावलेला असावा लागतो. वरचे दिवस शिक्षा कमी करत नाहीत, फक्त जागा बदलतात: कैदी हाफवे हाउसमध्ये, म्हणजे तुरुंग आणि घर यांच्या मधल्या देखरेखीच्या निवासात, किंवा घरातल्या नजरकैदेत जातो. घरच्यांना तोही आनंदच, पण पायात पाळत ठेवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा असू शकतो आणि परवानगीशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येत नाही.

काकूंच्या मुलाचा हिशेब मी कागदावर मांडला. पाच वर्षं गुणिले ५४, म्हणजे २७० दिवसांची उचल. ६० चे साधारण ५१ महिने राहिले. हजेरीचे पहिले सातेक महिने १० च्या दराने ७० दिवस, पुढे १५ च्या दराने. ३६५ भरायला सगळे मिळून २७ महिने. ते वजा केले की सुपरवाइज्ड रिलीज साधारण ३९ व्या महिन्यात, आणि त्याआधीचे काही महिने वरच्या क्रेडिट्सवर घरी किंवा हाफवे हाउसमध्ये. एकही दिवस वाया गेला नाही तर! काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे लाल गोल खोडायचा."

गुड टाइम कुठल्या गुन्ह्यासाठी शिक्षा झाली हे बघत नाही. हजेरीचं खातं बघतं. कायद्यात अपात्र गुन्ह्यांची लांबलचक यादी आहे. हिंसक किंवा अमली पदार्थांच्या गुन्ह्यात बंदूक बाळगल्याची शिक्षा त्यात येते, वायर फ्रॉड (फोन-इंटरनेटवरून केलेली फसवणूक) किंवा करचुकवेगिरी येत नाही. मीडियम किंवा हाय जोखमीचा कैदी क्रेडिट्स मिळवू शकतो, पण जोखीम खाली आल्याशिवाय किंवा वॉर्डनने, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाने, अर्ज मंजूर केल्याशिवाय वापरू शकत नाही. मिळवणं आणि वापरता येणं या दोन गोष्टींत सगळ्यात जास्त माणसं फसतात.

आपल्या लोकांना हे लागतं ते नागरिकत्वापाशी. एच-वन-बी असो की ग्रीन कार्ड, देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश निघाला की क्रेडिट्स वापरता येत नाहीत, कितीही साठलेली असोत. नुसता इमिग्रेशनचा 'डिटेनर', म्हणजे सुटकेच्या वेळी कैदी आमच्या ताब्यात द्या अशी मागणी, हा अंतिम आदेश नव्हे. पूर्वी बीओपी डिटेनरवरही अडवायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने तो नियम बदलला. म्हणून आत असताना इमिग्रेशनच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. काही कागदांवर सही करणं म्हणजे तो अंतिम आदेश स्वतःच ओढवून घेणं. गुड टाइमला मात्र या कशाचा धक्का लागत नाही.

दोन्ही खाती एका फटक्यात कापू शकणारी वस्तू म्हणजे मोबाइल. बाहेर क्षुल्लक, आत सर्वांत गंभीर श्रेणीचा गुन्हा. शिस्तभंगाच्या सुनावणीत एका गुन्ह्याला साधारणपणे किमान ४१ दिवसांचा गुड टाइम जातो, वर क्रेडिट्सही कापू शकतात. कापलेली क्रेडिट्स परत मिळू शकतात, पण लागोपाठ दोन मूल्यमापनांपर्यंत रेकॉर्ड कोरं हवं.

हे तपासायचे कागदही दोन. 'सेंटेन्स मॉनिटरिंग कॉम्प्युटेशन डेटा'वर शिक्षा आणि गुड टाइमचा हिशेब असतो, 'एफएसए टाइम क्रेडिट असेसमेंट'वर हजेरीचा. मुलाने केस मॅनेजरकडून, म्हणजे त्याचं प्रकरण सांभाळणाऱ्या तुरुंग कर्मचाऱ्याकडून, दोन्हींची प्रत मागून घरी टपालाने पाठवावी. चूक दिसली तर आधी तोंडी बोलावं, मग बीपी-८ हा अनौपचारिक तक्रारीचा फॉर्म. तिथे भागलं नाही तर घटनेपासून २० दिवसांत वॉर्डनकडे बीपी-९ हा औपचारिक तक्रारीचा फॉर्म. या २० दिवसांतच बीपी-८ चाही वेळ जातो, हे कैद्याला फार उशिरा कळतं.

पंधरवड्याने काकूंचं पाकीट आलं. आत एकच कागद होता, गुड टाइमचा. दुसरा मागायला मुलगा लाजला होता.