पॅरिसला जाताय? शेंगेन व्हिसाचा अर्ज असा करा

पॅरिसला चार-पाच दिवसांसाठी जायचं असलं तरी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतोच. पर्यटकांना मिळतो तो अल्प मुदतीचा, म्हणजे कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, अर्ज त्याच देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील, तर जिथे आधी उतरणार तिथे. पॅरिसमध्ये चार रात्री आणि ॲमस्टरडॅममध्ये दोन असतील, तर अर्ज फ्रान्सकडे. दुसरीकडे अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करू नका.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, 15 दिवस आधी ही शेवटची मुदत. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, क्वचित 45. मे महिन्यात जायचं असेल तर फेब्रुवारीतच कामाला लागा.

फ्रान्स-व्हिसाज या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरून प्रिंट काढा, सही करा आणि व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. तिथे कागद जमा होतात आणि बोटांचे ठसे घेतले जातात (12 वर्षांखालच्या मुलांचे नाही). व्हिसा द्यायचा की नाही, हे मात्र फ्रान्सचे अधिकारीच ठरवतात. शुल्क 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना माफ. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तर पैसे परत मिळत नाहीत.

पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा, परतीनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा, विमानाचं आरक्षण, हॉटेलचं बुकिंग, रजा मंजुरीचं पत्र, पगारपत्रकं, आयकर विवरणपत्र आणि बँक स्टेटमेंट जोडा. व्यवसाय असेल तर त्याच्या नोंदणीचे कागद.

खरी गफलत होते ती पैशांत आणि तारखांत. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक दोन-तीन लाख आले की शंका येणारच. वडिलांनी दिले असतील तर तसं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट लावा. हॉटेल, विमान, रजा आणि विमा या चारही कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. दिवसवार कार्यक्रमही नीट विचार करून लिहा: लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, ओर्से संग्रहालय सोमवारी.

नवविवाहितांनी एक गोष्ट आवर्जून सांभाळावी. पत्नीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण फॉर्म, तिकीट आणि विमा त्याच नावाने करा. लग्नपत्रिकेतलं नवं नाव इथे चालत नाही. सोबत विवाह नोंदणीचा दाखला लावा आणि तो फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही. ती कमावती नसेल, तर खर्च उचलणाऱ्याने तसं पत्र द्यावं आणि स्वतःचे उत्पन्नाचे कागद जोडावेत.

व्हिसा हातात पडला की नाव, तारखा आणि किती दिवस राहता येईल तो आकडा तिथल्या तिथे तपासा. हॉटेल, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. पॅरिसच्या विमानतळावर अधिकारी त्या मागू शकतात, आणि तोवर मोठी बॅग पट्ट्यावर आलेली नसते.