हौशी नोंदींवर आधारित अधिवास-प्रारूपे (सोलापूर)

हौशी निरीक्षकांनी टिपलेल्या प्राणी-पक्ष्यांच्या नोंदींना पाऊस, तापमान, जमिनीचा वापर इत्यादी माहितीची जोड देऊन, एखादी प्रजाती कुठे राहू शकेल याचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधण्याची पद्धत. ई-बर्ड (२००२) आणि आयनॅचरलिस्ट (२००८) या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांमुळे अशा नोंदी प्रचंड प्रमाणात जमू लागल्या.

केवळ ‘दिसला’ एवढीच नोंद असेल, तर मॅक्सएंट या संगणक-प्रणालीसारखी प्रारूपे त्या ठिकाणांच्या पर्यावरणाची आसपासच्या प्रदेशाशी तुलना करतात. मात्र माणसे जिथे जातात तिथेच नोंदी होतात. सोलापूरचे निरीक्षक नान्नजचे माळरान, हिप्परगा तलाव, उजनीचा जलाशय अशा परिचित जागी वारंवार जातात; आडवाटेचे माळ रिकामे राहतात. हा कल दुरुस्त केला नाही, तर पक्ष्यांना डांबरी रस्त्याकडेची जमीनच आवडते असा निष्कर्ष निघेल.

म्हणून पूर्ण यादीचे मोल फार मोठे आहे. ओळखलेले सगळे पक्षी, लागलेला वेळ आणि चाललेले अंतर नोंदवले, की यादीत नसलेल्या पक्ष्याबद्दलही काही कळते. तरीही ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. मातकट रंगाचा धाविक हा पक्षी उघड्या माळावर समोर असूनही नजरेतून सुटतो. एकाच जागेच्या अनेक फेऱ्यांवरून दिसण्याची शक्यता आणि प्रत्यक्ष वास्तव्य वेगळे काढता येते. ‘आज विशेष काही नव्हते’ म्हणून न भरलेली यादी हे या शास्त्राचे खरे नुकसान आहे.

जमिनीच्या नकाशातही गफलत होते. रब्बी ज्वारीचे रान पावसाळ्यात बहुधा मोकळे असते, त्यामुळे एकाच हंगामातील उपग्रहचित्रात शेत आणि माळ यांची सरमिसळ होऊ शकते. सरकारी वर्गीकरणात तर कित्येक गवताळ माळ ‘पडीक’ ठरले आहेत. काळवीट, लांडगा आणि खोकड यांच्या घराला हे नाव अन्यायकारक आहे. शिवाय संकटग्रस्त प्रजातींचे नेमके ठिकाण आयनॅचरलिस्ट सुमारे २० किमी रुंदीच्या चौकोनात लपवते. शिकाऱ्यांपासून संरक्षणासाठी ते आवश्यकच आहे, पण तेवढ्या चौकोनात माळ, ऊस आणि वस्ती सगळेच येते.

१९७९ मध्ये ज्याच्यासाठी नान्नज परिसरात अभयारण्य झाले त्या माळढोकाच्या बाबतीत प्रारूपाची मर्यादा ठळकपणे दिसते. हवामान आणि गवत अनुकूल असले की नकाशा जागा ‘योग्य’ दाखवतो. पूर्वीची शिकार, वीजतारांना धडकून होणारे मृत्यू आणि वर्षाला बहुधा एकच अंडे घालण्याची सवय त्यात आपोआप येत नाही. त्यामुळे माळावरच्या प्रत्यक्ष गणनेची जागा असा नकाशा घेऊ शकत नाही.