योनीमुखाची आग: बुरशीची की नसांची?

‘खाली आग होते’ ही तक्रार मराठी घरात बहुधा आईच्या किंवा मोठ्या जावेच्या कानावर पहिल्यांदा पडते आणि तिचे निदानही तिथेच होऊन जाते: अंगात उष्णता वाढली आहे. मग सब्जाचे पाणी, धने-जिऱ्याचे पाणी, गुलकंद असे उपाय सुरू होतात. आठवडाभरात उतार पडला नाही, तर औषधाच्या दुकानातून बुरशीनाशक मलम किंवा योनीत ठेवायची गोळी आणली जाते आणि दवाखान्यात गेल्यावरही पुष्कळदा न तपासता तीच गोळी पुन्हा लिहून मिळते. ज्यांना खरोखर कॅंडिडा या बुरशीचा संसर्ग झालेला असतो, त्यांना तिने बरे वाटते. परंतु काही जणींच्या बाबतीत सहा-सहा महिने, कधी कित्येक वर्षे हीच गोळी चालू राहते, आग कमी होत नाही आणि आपल्याच शरीरात काहीतरी हट्टी रोग बसला आहे अशी त्यांची समजूत होते. त्यांच्यापैकी अनेकींचे दुखणे व्हल्व्होडिनिया, म्हणजे योनीमुखाची दीर्घकाळची वेदना, असू शकते आणि त्याचा बुरशीशी आजघडीला काहीही संबंध नसतो.

कॅंडिडा ही मुळात परकी नव्हे. कोणताही त्रास नसलेल्या दहा ते वीस टक्के स्त्रियांच्या योनीत ती सापडते. प्रतिजैविकांचा कोर्स, गर्भारपण, आटोक्यात नसलेला मधुमेह अशा कारणांनी ती फोफावली की संसर्गाची लक्षणे दिसतात. सुमारे पाऊणशे टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो आणि वर्षातून तीन किंवा अधिक वेळा झाला तर तो ‘वारंवार होणारा’ मानला जातो. अशा वेळी रक्तातील साखर तपासणे आवश्यक असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील गोळ्या आपल्याकडे आता सर्रास दिल्या जातात. त्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळे या भागात बुरशी वाढण्याची शक्यता बरीच वाढते. ही गोळी सुरू झाल्यावर खाज सुटू लागली असेल, तर तसे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये.

व्हल्व्होडिनिया म्हणजे योनीमुखाची अशी वेदना, जी किमान तीन महिने टिकून आहे आणि जिचे संसर्ग, त्वचारोग, गाठ, इजा यांसारखे स्पष्ट कारण तपासणीत सापडत नाही. ही व्याख्या २०१५ मध्ये तीन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थांनी मिळून ठरवली. कारण सापडत नाही म्हणजे वेदना मनाची आहे, असा अर्थ काढण्याची घाई मात्र डॉक्टरांनीही पिढ्यान् पिढ्या केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांनी या अतिसंवेदनशीलतेचे वर्णन करून ठेवले होते. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ती विस्मरणात गेली आणि १९८७ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ एडुआर्ड फ्रीडरिक यांनी निदानाचे निकष मांडल्यावर पुन्हा चर्चेत आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टन परिसरातील सुमारे पाच हजार स्त्रियांच्या पाहणीत जवळपास १६ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी अशी दीर्घकाळची वेदना सोसल्याचे सांगितले. त्यांतील सुमारे ४० टक्के कधीच डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या आणि ज्या गेल्या, त्यांतील ६० टक्के स्त्रियांना तीन किंवा अधिक डॉक्टर पालथे घालावे लागले होते.

लक्षणे ऐकताना दोन्ही दुखणी सारखी वाटतात, पण नीट विचारल्यास भेद उमटू लागतो. बुरशीच्या संसर्गात खाज पुढे असते आणि आग तिच्या मागून येते. व्हल्व्होडिनियात आग, टोचणे, कापल्यासारखे किंवा तिखट लागल्यासारखे वाटणे हे पुढे असते आणि खाज क्वचितच मुख्य तक्रार असते. संसर्गात दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा स्राव पुष्कळदा असतो, भाग लाल होऊन सुजतो, बारीक चिरा पडतात, आणि त्रास पाळीच्या आधी वाढून पाळी आल्यावर उतरतो. व्हल्व्होडिनियात पाहणाऱ्याला बहुधा काहीच दिसत नाही, फार तर किंचित लाली. अनेकींना एरवी काही होत नाही, पण स्पर्श झाला की कळ उठते: शरीरसंबंधाच्या वेळी, टॅम्पॉन घालताना, घट्ट जीन्समध्ये, स्कूटरवर बसून खड्ड्यांच्या रस्त्याने जाताना. काहींना मात्र स्पर्शावाचूनही दिवसभर आग होत राहते.

औषधाला मिळणारा प्रतिसाद हा पुरावा म्हणून फसवा आहे. मलमाच्या थंडाव्यानेच तासभर बरे वाटते, वेदना आपल्या चालीने कमी-जास्त होत असते आणि उतार पडण्याच्या दिवसांत घेतलेल्या गोळीला श्रेय मिळून जाते. स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीनाशक औषध आणणाऱ्या स्त्रियांची अमेरिकेत तपासणी करण्यात आली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांनाच खरोखर केवळ बुरशीचा संसर्ग असल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

गंमत अशी, की दोन्ही निदानांचे साधन एकच आहे: टोकाला कापूस लावलेली साधी काडी. बुरशीसाठी त्या काडीने योनीतील स्राव घेतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि आम्लतेची पट्टी लावतात; या संसर्गात आम्लता साधारणपणे नेहमीसारखीच राहते, म्हणजे तिचा आकडा (पीएच) साडेचारच्या खाली असतो. सूक्ष्मदर्शकाला बरेच रुग्ण निसटतात, म्हणून त्रास वारंवार होत असेल तर स्राव प्रयोगशाळेत कल्चरसाठी, म्हणजे त्यातील बुरशी वाढवून पाहण्यासाठी, पाठवावा लागतो, आणि त्यातच बुरशीची जातही कळते. व्हल्व्होडिनियासाठी तीच काडी केवळ स्पर्श करायला वापरतात. योनीद्वाराभोवतीच्या भागाला डॉक्टर वेस्टिब्यूल म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ ओसरी, आणि बाहेरची त्वचा व आतली योनी यांच्या मधली ही जागा खरोखरच घराच्या ओसरीसारखी आहे. घड्याळाच्या तबकडीवरील आकड्यांप्रमाणे या ओसरीवर एकेका बिंदूला काडी हलकेच टेकवून कुठे किती दुखते हे विचारले जाते. केवळ खालच्या बाजूला, चार ते आठ वाजण्याच्या पट्ट्यात दुखत असेल, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले असण्याची शंका घेतात. सगळीकडे सारखेच दुखत असेल, तर संप्रेरकांचा किंवा नसांचा विचार करतात. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, यंत्र लागत नाही, आणि तरीही ती फार थोड्या ठिकाणी होते, ही गोष्ट मला समर्थनीय वाटत नाही.

गुंता वाढतो तो यामुळे की एक दुखणे दुसऱ्याला जन्म देऊ शकते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना कॅंडिडाचा संसर्ग पुन्हा पुन्हा घडवून बरा केला गेला. बुरशी पूर्ण गेल्यानंतरही त्यांतील काहींच्या योनीमुखाची स्पर्शवेदना कायम राहिली आणि तिथे नसांचे तंतू वाढलेले आढळले. वेस्टिब्यूलमध्ये नसांची ही दाटी व्हल्व्होडिनिया असलेल्या स्त्रियांतही दिसते. म्हणजे पहिल्या वेळी बुरशी होती हे खरे आणि आज नाही हेही खरे, असे एकाच स्त्रीच्या बाबतीत होऊ शकते. त्यात स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र केलेली मलमे चिठ्ठीशिवाय मिळतात. ती महिनोन् महिने लावल्याने त्वचा पातळ होते, आणि सुगंधी वॉश व जंतुनाशक पाण्यामुळे तिचा दाह होऊ शकतो. मग मूळची आग कोणती आणि उपचारांची कोणती, हे सांगणे अवघड होऊन बसते. पांढरे, पातळ झालेले चट्टे आणि रात्री असह्य खाज असेल, तर लायकेन स्क्लेरोसस हा तिसराच आजार असू शकतो आणि तो त्वचेचा बारीक तुकडा तपासून ठरवता येतो.

वारंवार होणाऱ्या संसर्गाचा उपचार ठरलेला आहे. फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम दर तिसऱ्या दिवशी अशा तीन गोळ्या, नंतर आठवड्याला एक याप्रमाणे सहा महिने. २००४ च्या चाचणीत या काळात दहापैकी नऊ स्त्रियांना त्रास झाला नाही, पण गोळी थांबवून सहा महिने झाल्यावर अशा स्त्रिया निम्म्याहूनही कमी उरल्या. तेव्हा तो पुन्हा उद्भवला म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. बुरशी वेगळ्या जातीची निघाली तर औषध बदलते. गर्भारपणात पोटात घेण्याची गोळी टाळून योनीत ठेवायची देतात.

व्हल्व्होडिनियाचा उपचार असा एका ओळीत सांगता येत नाही, आणि एकाच औषधाने हमखास बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. पहिली पायरी म्हणजे अनावश्यक ते सगळे थांबवणे: मलमे, वॉश, सुगंधी पॅड. दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. दुखेल या धास्तीने हे स्नायू आवळले जातात, आवळल्याने अधिक दुखते, आणि हे चक्र तोडण्यासाठी स्नायू सैल सोडायला शिकवावे लागते. बाळंतपणानंतर सांगितले जाणारे आवळण्याचे व्यायाम इथे उलट अपाय करू शकतात. कॅनडात २१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा आठवड्यांची ही फिजिओथेरपी रात्री लावायच्या लिडोकेन या बधिर करणाऱ्या मलमापेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. पुण्या-मुंबईत असे काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आता भेटतात. लहान गावांत मात्र बाळंतपणानंतरच्या व्यायामांपलीकडे ही शाखा फारशी पोहोचलेली नाही. बधिर करणारे मलम तात्पुरता आराम देते. रजोनिवृत्तीनंतर किंवा अंगावर पाजण्याच्या काळात त्वचा कोरडी व नाजूक झाली असेल, तर इस्ट्रोजेनचे मलम उपयोगी पडते. अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन या नसांच्या औषधांचा काहींना लाभ होतो, परंतु २०१८ च्या चाचणीत गॅबापेंटिन खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळीपेक्षा सरस ठरले नाही, हे ते सुरू करण्याआधी ठाऊक असावे. दुखरी कड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी, आणि केवळ वेस्टिब्यूलपुरती वेदना असलेल्यांसाठी असते. योग्य निवड केलेल्या रुग्णांत तिचे परिणाम चांगले आहेत.

समुपदेशन सुचवले की ‘म्हणजे मला वेड लागले आहे का’ असा प्रश्न येतो. वेदनेची धास्ती कमी करणे हाही वेदनेवरचा उपचार आहे आणि जोडीदाराला त्यात सोबत घेतल्यास त्याचा उपयोग अधिक होतो. वेदना होत असताना संबंध रेटत राहणे कोणाच्याही हिताचे नाही. काही महिने तो प्रकार बाजूला ठेवून जवळीक इतर मार्गांनी राखता येते. रोजच्या सोसण्यात लहान गोष्टी कामी येतात: सुती अंतर्वस्त्रे, धुण्यासाठी केवळ साधे पाणी, लघवीनंतर तांब्याभर गार पाणी, बसायला मऊ उशी, कापडात गुंडाळलेली थंड पिशवी दहा मिनिटे. खोबरेल तेल वंगण म्हणून अनेकींना मानवते, मात्र लॅटेक्सच्या कंडोमसोबत ते वापरू नये, कारण तेलाने रबर फाटते.

अविवाहित मुलीला आपल्याकडे बहुधा तपासतच नाहीत आणि विवाहितेला ‘एक मूल होऊ द्या’ असे सांगून परत पाठवतात. म्हणून जाताना तक्रार नेमकी करून न्यावी: दुखणे कधीपासून आहे, कोणत्या स्पर्शाने वाढते, कोणती औषधे किती वेळा घेतली, आणि आजवर कल्चर एकदा तरी झाले आहे का. काडीने तपासा, असे स्वतःहून म्हणायला संकोच वाटला तर कागदावर लिहून द्यावे. व्हल्व्होडिनियाचे निदान झालेल्या स्त्रीलाही पुढे कधीतरी खरा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. तसे वाटले तर कपाटातली जुनी गोळी काढण्याआधी स्रावाचा नमुना द्यावा, कारण गोळी घेतल्यावर दिलेल्या नमुन्यातून खात्रीने काही ठरवणे अवघड असते.