‘कधी कधी’वर खूण केली आणि आठ प्रकृती झाल्या

चीनमध्ये पासष्टी गाठलेला माणूस जवळच्या आरोग्य केंद्रात वार्षिक तपासणीला गेला, की रक्तदाब आणि साखरेबरोबर त्याच्यासाठी आणखी एक तक्ता भरला जातो. त्यात 33 प्रश्न असतात. लवकर थकता का, हातपाय गार पडतात का, झोपेत घोरता का, पोटाचा घेर किती. शेवटी जीभ बघतात: आधी तिच्यावरचा थर, मग ती वर उचलायला लावून खालच्या शिरा. 2013 पासून ही पाहणी सरकारी आरोग्यसेवेचा भाग आहे.

हा तक्ता म्हणजे मूळच्या 60 प्रश्नांची आटोपशीर आवृत्ती. बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातले वांग ची यांनी मांडलेल्या नऊ प्रकृतींवर तो उभा आहे. 2009 मध्ये 60 प्रश्नांच्या मूळ तक्त्याला चिनी वैद्यक संघटनेच्या मानकाचं रूप मिळालं. नऊपैकी एक प्रकृती सम, म्हणजे समतोल. उरलेल्या आठ कलत्या, म्हणजे तोल ढळलेल्या: ‘ची’ (अंगातली प्राणशक्ती) कमी, यांग म्हणजे ऊब कमी (थंडी सोसत नाही), यिन म्हणजे गारवा-ओलावा कमी (तळहात-तळपाय तापतात, घसा कोरडा), कफ-दमट, दमट-उष्ण, रक्त साकळणारी, ‘ची’ कोंडलेली (उदास, सुस्कारे टाकणारी) आणि ॲलर्जीची. आयुर्वेदातल्या वात-पित्त-कफाशी यांच्या जोड्या लावायचा मोह टाळलेला बरा. आपल्याकडे प्रकृती गर्भातच ठरते आणि जन्मभर तीच राहते. चिनी पद्धतीत ती आहार, वय, आजारपण यांनी बदलते असं धरलेलं आहे, म्हणूनच तर दरवर्षी मोजतात.

60 प्रश्नांच्या तक्त्यात गेल्या वर्षभराचा विचार करून ‘मुळीच नाही’ला 1 ते ‘नेहमी’ला 5 गुण द्यायचे. यांग-कमीचे प्रश्न 7. समजा उत्तरं आली 4, 3, 4, 4, 2, 3, 2, बेरीज 22. तिच्यातून प्रश्नांची संख्या वजा करा, 15 उरतात. त्यांना प्रश्नांच्या चौपटीने, म्हणजे 28 ने भागून 100 ने गुणा: 53.6. कलत्या प्रकृतीसाठी 40 किंवा जास्त म्हणजे ‘आहे’, 30 ते 39 ‘कल आहे’, त्याखाली ‘नाही’. सम ठरायला मात्र स्वतःचे 60 तर हवेतच, शिवाय बाकीच्या आठही 30 च्या आत हव्यात (40 च्या आत असतील तर ‘साधारण सम’). नुसत्या बेरजांची तुलना करू नका. काही प्रकृतींना 7 प्रश्न आहेत, काहींना 8. सम प्रकृतीतल्या तक्रारींच्या प्रश्नांचे गुण उलटे धरायचे असतात, तेही घरी हिशेब करताना हमखास राहून जातं.

आता गंमत बघा. प्रत्येक प्रश्नाला ‘कधी कधी’, म्हणजे 3, असं उत्तर दिलं तर प्रत्येक प्रकृतीत बरोबर 50 येतात. आठही कलत्या प्रकृती एकदम ‘आहे’! सगळीकडे ‘क्वचित’, म्हणजे 2, म्हटलं तर या आठांत 25, म्हणजे त्यांतली एकही नाही. ‘क्वचित’ आणि ‘कधी कधी’ यांतला फरक कोण कसा धरतो, यावर एवढं अवलंबून आहे. एकाच माणसाला दोन-तीन प्रकृती लागतात, त्यात अशा भरण्याचाही हात असतो.

कफ-दमट प्रकृतीचे लोक स्थूल असतात, हा निष्कर्षही जपूनच घ्यावा. त्या प्रकृतीच्या प्रश्नांतच पोट सुटलेलं आहे का, अंग जड वाटतं का, हे विचारलेलं आहे. जे आत घातलं तेच बाहेर आलं.

व्यवहारात धोका आहे तो यांग-कमीच्या शिक्क्यात. सतत थंडी वाजणं, थकवा, गार हात ही मंदावलेल्या थायरॉइडची आणि रक्तक्षयाचीही लक्षणं आहेत. तेव्हा आधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. आलं घातलेलं गरम सूप प्यायला हरकत नाही. पण याच प्रकृतीला चिनी वैद्य कधी ‘फूत्स’ देतात, आणि ते आपल्या बचनागाच्या जातकुळीतलं मूळ. त्यातलं अकोनिटिन हे विष हृदयाचे ठोके बिघडवतं. मुळावर आधी प्रक्रिया करतात, मग इतर औषधं घालण्यापूर्वी ते एकटंच बराच वेळ उकळतात, कारण पाण्यात उकळताना अकोनिटिन फुटून कमी विषारी होतं. उकळणं कमी पडलं तर जीभ आणि ओठ बधिर होतात, मुंग्या येतात. अशा वेळी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचं.