रग्बीत कोणत्या देशाकडून खेळता येतं? नियम 8, पात्रता आणि लागणारी कागदपत्रं

रग्बी युनियन या रग्बीच्या प्रकारात राष्ट्रीय संघासाठी पात्र ठरायला त्या देशाचा पासपोर्ट असणं ही अट नाही. वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेचा नियम 8 नागरिकत्व पाहत नाही, नातं पाहतो. आपल्याकडे बहुतेक पालकांचा गोंधळ इथेच होतो.

चारपैकी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते: खेळाडूचा जन्म त्या देशात झाला आहे, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म तिथे झाला आहे, सलग 60 महिने फक्त त्याच देशाच्या रग्बी संघटनेकडे नोंदलेला आहे, किंवा तुकड्या-तुकड्यांत मिळून तिथे दहा वर्षं राहिला आहे. सलग मुदत पूर्वी 36 महिने होती, आता ती पाच वर्षांची आहे. आजी-आजोबा रक्ताचे हवेत. कायदेशीर दत्तक झालं असेल, तर दत्तक घराणं धरलं जातं.

आता कागदपत्रं, आणि इथे घाई करू नका. पहिल्या निवडीआधी पात्रता तपासण्याची जबाबदारी त्या देशाच्या रग्बी संघटनेची असते, पण कागद शेवटी घरातूनच यावे लागतात. आजोबांमुळे पात्र असाल तर खेळाडूचा, आई किंवा वडिलांचा आणि आजोबांचा असे तिन्ही जन्मदाखले एकमेकांना जुळले पाहिजेत. मराठी घरांत साखळी बहुधा आई-आजीपाशी तुटते, कारण लग्नानंतर आडनावच नाही, कधी पाळण्यातलं नावही बदललेलं असतं. तिथे विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जोडा. जुना जन्मदाखलाच नसेल तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल मागवा. नोंद मोडी लिपीत असली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, मग इंग्रजी भाषांतर. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगाव असतं, तो आधाराला ठेवा. एकट्या त्यावर विसंबू नका.

‘आजोबा तिकडचेच’ हे घरात कितीही वर्षं सांगितलं गेलेलं असो, कागद बघा. डेव्ह हिल्टन हा प्रॉप (पहिल्या फळीतला खेळाडू) 1995 पासून स्कॉटलंडकडून खेळत होता, आजोबा एडिनबरोचे म्हणून. 2000 साली चौकशीत आजोबांचा जन्म इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा निघाला आणि त्याची पात्रता गेली. पुढे वास्तव्याची अट पूर्ण करून 2002 मध्ये तो परत खेळला. त्याच चौकशीत वेल्सचे शेन हॉवर्थ आणि ब्रेट सिंकिन्सनही अपात्र ठरले.

वास्तव्यावर पात्र ठरणार असाल तर पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के, क्लबची नोंदणी, भाडेकरार आणि शाळा-कॉलेजचे दाखले पहिल्या महिन्यापासून जपा. स्पेनचं काय झालं ते लक्षात ठेवा. एका खेळाडूच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार झाल्याचं उघड झालं, तो अपात्र ठरला, 2022 मध्ये स्पेनचे पात्रता फेरीतले दहा गुण कापले गेले आणि 2023 च्या विश्वचषकाची जागा रोमानियाला मिळाली. मैदानावर जिंकलेलं सगळ्या संघाचं गेलं, याचं आजही वाईट वाटतं.

भारताकडून खेळायचं असेल तर नियम 8 पुरेसा नाही. केंद्र सरकारच्या 2008 च्या धोरणानुसार भारताचं प्रतिनिधित्व भारतीय पासपोर्ट असलेल्यानेच करायचं. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड चालत नाही. म्हणजे दुबईत जन्मलेली, पुण्यात जन्मलेल्या आईची, भारतीय पासपोर्टवर असलेली मुलगी दोन्ही अटींत बसते. ऑकलंडमध्ये जन्मून न्यूझीलंडचं नागरिकत्व असलेला तिचा मामेभाऊ वडिलांच्या बाजूने कितीही पुणेकर असला तरी अडतो. ऑलिंपिकच्या सेव्हन्ससाठी (सात-सात खेळाडूंची रग्बी) तर प्रत्येकच देशाला नागरिकत्वाची अट आहे.

एकदा वरिष्ठ संघातून किंवा संघटनेने ‘दुसरा संघ’ म्हणून ठरवलेल्या संघातून खेळलात की त्या देशाशी बांधले जाता. म्हणून ‘अ’ संघाचं बोलावणं आलं तर होकार देण्याआधी तो असा ‘दुसरा संघ’ ठरवलेला आहे का, हे लेखी विचारून घ्या.

1 जानेवारी 2022 पासून देश बदलायची वाट उघडली आहे. शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर तीन वर्षं थांबायचं आणि वर्ल्ड रग्बीची मंजुरी घ्यायची. न्यूझीलंडकडून खेळलेले चार्ल्स पिउताउ आणि मलाकाई फेकिटोआ याच वाटेने 2023 च्या विश्वचषकात टोंगाकडून उतरले. माझ्या मते पॅसिफिक बेटांच्या रग्बीला मिळालेला हा उशिराचा पण खरा न्याय. मात्र इथे वास्तव्य चालत नाही, जन्म किंवा आई-वडील, आजी-आजोबांचा जन्मच लागतो, आणि बदल आयुष्यात एकदाच करता येतो.