जुने कार्ड म्हणजे घबाड नव्हे

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी घरात बबलगमसोबत मिळालेल्या क्रिकेट कार्डांचे डबे आवरायला काढले, की 'जुनी आहेत, लाखांत जातील' असे कुणीतरी म्हणतेच. हा समज चुकीचा आहे. किंमत वयावर नव्हे, तर शिल्लक प्रती, मागणी आणि कार्डाची अवस्था यांवर ठरते. अमेरिकेत बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ चे कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, कारण तशा उत्तम अवस्थेतील प्रती अत्यल्प उरल्या आहेत. उलट १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे बेसबॉल कार्डे इतकी छापली गेली, आणि गुंतवणूक म्हणून इतक्या लोकांनी ती जपली, की त्यांची न उघडलेली पाकिटेही अनेकदा स्वस्तात मिळतात. संग्रह कमी करताना दुबार आणि दुमडलेली कार्डे गठ्ठ्यानेच काढावीत, आणि भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेला आकडा नव्हे, तर प्रत्यक्ष झालेला सौदा पाहावा.