शिट्टी ओठांशी थबकते तेव्हा

विसर्जन मिरवणुकीत नाशिक ढोलाच्या पथकासमोर उभं राहिलं की आवाज कानाआधी छातीत घुमतो. शेजारचा काय बोलतो ते कळत नाही, आणि गर्दी सरकेल तसे आपणही सरकतो. भरलेल्या स्टेडियममधला फुटबॉलचा रेफरी दीड तास अशाच आवाजात धावत असतो, आणि त्याला पापणी लवायच्या आत निर्णयही द्यायचे असतात.

घरच्या मैदानावर संघ जास्त जिंकतात, त्याचं श्रेय आपण खेळाडूंना चढणाऱ्या हुरुपाला देतो. मला वाटतं, आधी शिट्टीकडे बघायला हवं.

2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात 40 प्रशिक्षित रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या 47 झटापटी पडद्यावर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांचा निर्णय जास्त डळमळला आणि त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाऊल दिले. म्हणजे आवाजाचा जोर दिसला तो यजमानांना मिळालेल्या सवलतीत. यात लबाडी नाही. धडक नीट दिसली नाही की मेंदू हाती लागेल तो पुरावा धरतो, आणि हजारो गळ्यांतून उठलेली आरोळी त्याला पुरावाच वाटते.

मग कोरोना आला. 16 मे 2020 रोजी जर्मनीची बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा 2020-21 चा हंगामही जवळजवळ सगळा प्रेक्षकांविना झाला. त्यातल्या 380 सामन्यांत यजमान 144 वेळा जिंकले, पाहुणे 153 वेळा. इंग्लंडच्या अव्वल साखळीत असं पूर्वी कधीच घडलं नव्हतं. अनेक देशांत पाहुण्या खेळाडूंना मिळणारी पिवळी कार्डंही घटली. प्रवासाचा शीण, ओळखीचं मैदान ही कारणं आहेतच. पण ती तर आदल्या वर्षीही होती.

बुंडेसलीगाच्या जुन्या सामन्यांतली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. काही स्टेडियममध्ये मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी असते. तिथे रेफरींचा यजमानांकडचा कल कमी आढळला. मध्ये काही मीटर मोकळी जागा, बस्स. आपल्याकडे गल्लीतल्या कबड्डीला लोक रेषेला खेटून बसतात, आणि पंचाचा कान त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो.